'रेचिड': टोकाच्या हालांसाठीचा इंग्रजी शब्द कसा वाचावा आणि कसा वापरावा

इंग्रजी वाचन जरा वाढलं की हा शब्द सारखा समोर येऊ लागतो. निर्वासितांच्या छावणीविषयीच्या बातमीत तो असतो, जुन्या कादंबऱ्यांत पानोपानी असतो आणि किल्ली सापडत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाच्या तोंडीही असतो. शब्दकोश उघडावा तर दीन, दुःखी, हतभागी, नीच, भिकार अशी सगळी जंत्री एकाच ओळीत दिलेली. यातलं कुठे काय घ्यायचं?

माझ्या मते या शब्दाची गुरुकिल्ली एकाच प्रश्नात आहे: कोण बोलतंय आणि कोणाविषयी? माणूस स्वतःविषयी बोलत असेल तर अर्थ एक, दुसऱ्याविषयी बोलत असेल तर दुसरा, वस्तूविषयी बोलत असेल तर तिसराच. हा प्रश्न हाताशी ठेवून पुढच्या पायऱ्या घ्या.

पायरी १: आधी कान आणि स्पेलिंग पक्कं करा

स्पेलिंग असं: डब्ल्यू, आर, ई, टी, सी, एच, ई, डी. सुरुवातीचा डब्ल्यू मुका आहे. 'राइट' म्हणजे लिहिणे, 'राँग' म्हणजे चूक, 'रिस्ट' म्हणजे मनगट, या शब्दांत तो असाच गप्प बसतो. एकेकाळी इंग्रज लोक तो उच्चारत. सतराव्या शतकाच्या सुमारास बोलण्यातून तो गळाला, स्पेलिंगात मात्र राहिला.

खरी अडचण शेवटच्या ईडीची. आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी 'रेच्ड' असं एका झटक्यात म्हणतात, कारण ईडी दिसला की भूतकाळ असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे भूतकाळाचा काही संबंध नाही. हे विशेषण आहे आणि शेवटचा भाग स्वतंत्र ऐकू आला पाहिजे: रे-चिड, जोर 'रे'वर. 'नेकिड', 'विकिड', 'क्रुकिड', 'रॅगिड' हे त्याच्याच पंगतीतले शब्द. पाचही एका दमात मोठ्याने म्हणा, जिभेला वळण लागेल.

दोन शब्दांपासून सांभाळा. डब्ल्यू गाळून लिहिलात तर होतो 'रेच्ट', म्हणजे कोरडे उमासे काढले. टी, सी, एच ऐवजी सी, के लिहिलंत तर होतो 'रेक्ट', म्हणजे मोडून पडलेला, उद्ध्वस्त. हे दोन्ही अस्सल इंग्रजी शब्द असल्यामुळे संगणकाचा स्पेलिंग तपासनीस त्यांच्याखाली लाल रेघ ओढेलच असं नाही. त्यामुळे हा शब्द लिहिला की डोळ्यांनी एकदा तपासायचाच.

पायरी २: शब्द आला कुठून ते पाहा

हे वगळून पुढे जाऊ नका. अर्थाच्या सगळ्या फांद्या इथूनच फुटल्या आहेत.

मुळात 'रेच' हे नाम. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'व्रेच्चा' होतं आणि अर्थ होता हद्दपार केलेला, घरदार सुटलेला माणूस. मराठीत त्याला परागंदा म्हणता येईल. त्या काळच्या समाजात माणसाला संरक्षण मिळायचं ते दोन ठिकाणांहून: आपल्या गोतातून आणि ज्याची चाकरी करायची त्या सरदाराकडून. दोन्ही तुटले की त्याच्या जिवाला कोणी वाली नसे. त्यामुळे 'हद्दपार' या अर्थातूनच 'सगळ्यांत हतभागी माणूस' हा अर्थ उगवला.

पण हद्दपार कोणाला करतात? बहुधा ज्याने काही गुन्हा केला त्याला. म्हणून त्याच शब्दातून दुसरा कोंब फुटला: नीच, हलकट माणूस. दया आणि तिरस्कार या दोन्ही छटा अशा एका घरात नांदू लागल्या, त्या आजही तिथेच आहेत. गंमत म्हणजे याच मुळापासून निघालेला जर्मन शब्द 'रेके' याचा अर्थ शूर योद्धा, वीर असा होतो. मुलूख सोडून निघालेल्या माणसात एका भाषेने अभागी पाहिला, दुसरीने पराक्रमी.

पुढे मध्ययुगीन इंग्रजीत 'रेच'ला ईडी जोडून 'रेचिड' हे विशेषण तयार झालं. थोडक्यात, तो क्रियापदाचा भूतकाळ का नाही, याचं उत्तरही इथेच मिळतं.

पायरी ३: चार अर्थ वेगळे करा

पहिला अर्थ, माणूस स्वतःविषयी बोलतो तेव्हाचा. 'आय फील रेचिड.' ताप आहे, अंग मोडून आलंय, उठवत नाही, अशा वेळी इंग्रजी बोलणारा हे वाक्य सहज म्हणतो. मराठीत आपण म्हणू, 'जीव नकोसा झालाय.' पण तेच वाक्य पुढे 'अबाउट' घेऊन आलं की रंग बदलतो: 'आय फील रेचिड अबाउट लाइंग टू हर.' इथे आजार नाही, अपराधीपणा आहे. 'तिच्याशी खोटं बोललो ते मनाला खातंय.' म्हणून 'अबाउट' आहे की नाही ते आधी पाहा.

दुसरा अर्थ, बघणारा दुसऱ्याच्या अवस्थेविषयी बोलतो तेव्हाचा. 'रेचिड पॉव्हर्टी', 'रेचिड कंडिशन्स', 'अ रेचिड एग्झिस्टन्स'. हा शब्दाचा गाभा आहे. इथे नुसतं दुःख नसतं. माणसाला माणसासारखं जगता येऊ नये अशी परिस्थिती असते. उपासमार, घाण, आजार, निराधारपण यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की इंग्रजी लेखक या शब्दाकडे वळतो. श्रीमंत, सुरक्षित माणसाचा प्रेमभंग झाला तर त्याला 'रेचिड' वाटू शकतं, पण त्याच्या राहणीला कोणी 'रेचिड कंडिशन्स' म्हणणार नाही.

तिसरा अर्थ दर्जाचा. 'द अ‍ॅक्टिंग वॉज रेचिड.' अभिनय टुकार होता. हवा, प्रवास, भाषांतर, हस्ताक्षर, काहीही असं असू शकतं.

चौथा अर्थ वैतागाचा. 'व्हेअर इज दॅट रेचिड की?' इथे किल्लीत काही वाईट नाही, बोलणाऱ्याचा संयम संपलाय. मराठीत याला इतका नेमका शब्द आहे की भाषांतर करताना आनंद होतो: 'कुठे गेली ती मेली किल्ली?' या अर्थी शब्द नेहमी नामाच्या आधीच येतो. तो वाक्याच्या शेवटी नेऊन 'द की इज रेचिड' केलंत तर वैताग उडून जातो आणि किल्लीच कुचकामी आहे असा तिसरा अर्थ उरतो. हा वैतागाचा वापर ब्रिटिश बोलण्यात जास्त ऐकू येतो.

मराठीत या चार अर्थांना चार वेगळे शब्द लागतात, इंग्रजीने ते एकाच शब्दात कोंबले आहेत. त्यामुळे वहीत 'रेचिड म्हणजे दुःखी' असं लिहून मोकळं होऊ नका. चार ओळी लिहा, प्रत्येक ओळीत एक पूर्ण वाक्य.

पायरी ४: गोतावळा

'रेच' हे नाम. 'पुअर रेच' म्हटलं की बिचारा. 'अनग्रेटफुल रेच' म्हटलं की कृतघ्न कुठला. आधीचं विशेषण सांगतं की दया आहे की शिवी. विशेषणाशिवाय नुसता 'रेच' आला तर मागचा-पुढचा मजकूर वाचल्याशिवाय अर्थ ठरवू नये.

'रेचिडनेस' हे भाववाचक नाम. ते बरोबर आहे, पण जड आहे, आणि रोजच्या लिखाणात त्याची जागा 'मिझरी', म्हणजे हाल, दैन्य, हा शब्द घेतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो की विशेषण हवं असेल तर 'रेचिड' जरूर वापरा, नाम हवं असेल तर आधी 'मिझरी' आजमावून पाहा.

'रेचिडली' हे क्रियाविशेषण. 'रेचिडली पुअर' म्हणजे अठराविश्वे दारिद्र्य असलेला.

'द रेचिड' म्हणजे हालात पिचणारे सगळे लोक. 'द पुअर' म्हणजे गरीब लोक, तसाच हा प्रयोग. तो अनेकवचनी असतो, त्याच्यामागे 'आर' येतं. एकाच माणसाविषयी बोलायचं असेल तर 'अ रेचिड' म्हणता येत नाही, 'अ रेच' किंवा 'अ रेचिड मॅन' म्हणावं लागतं. फ्रांझ फॅनन यांचं वसाहतवादावरचं १९६१ सालचं फ्रेंच पुस्तक इंग्रजीत 'द रेचिड ऑफ द अर्थ' या नावाने ओळखलं जातं, त्यातला 'द रेचिड' हाच. मूळ फ्रेंच नावातल्या शब्दाचा अर्थ 'शापित' असा आहे. इंग्रजीत येताना शापाची जागा हालांनी घेतली.

तुलना करायची असेल तर 'मोअर रेचिड', 'मोस्ट रेचिड' असं म्हणा.

पायरी ५: शेजारचे शब्द ओळखा

'मिझरेबल' हा सगळ्यांत जवळचा आणि रोजच्या बोलण्यातला. पावसाळी दिवसही मिझरेबल, तोंड पाडून बसलेलं मूलही मिझरेबल. 'रेचिड' त्याच्या एक पायरी खाली उतरतो, हाल अधिक खोल असतात. 'मिझरी'चं मूळ लॅटिन 'मिसेर', म्हणजे अभागी. कंजूष माणसाला इंग्रजीत 'मायझर' म्हणतात तेही तिथूनच आलं, कारण पैसा गाठीशी असून तो दरिद्र्यासारखा जगतो. अर्थशास्त्राच्या बातम्यांत 'मिझरी इंडेक्स' दिसला तर घाबरू नका: महागाईचा दर आणि बेरोजगारीचा दर यांची ती साधी बेरीज आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आर्थर ओकन यांच्या नावाशी ती जोडलेली आहे. या अर्थी 'रेचिड' कधीही वापरत नाहीत.

'अ‍ॅगनी' म्हणजे असह्य वेदना, तीव्र आणि बहुधा काही काळापुरती. मूळ ग्रीक शब्दात झुंजीचा, कुस्तीच्या आखाड्याचा अर्थ आहे. मोडलेलं हाड म्हणजे अ‍ॅगनी. वर्षानुवर्षांचं दैन्य म्हणजे अ‍ॅगनी नव्हे.

'अँग्विश' मनाचं. लॅटिनमधल्या 'अरुंद, आवळलेलं' अशा अर्थाच्या शब्दावरून आला. हरवलेल्या मुलाच्या आईला जे होतं ते अँग्विश. जीव कासावीस होणं हे त्याच्या फार जवळ जातं.

'स्क्वॉलर' म्हणजे गलिच्छ दारिद्र्य. घाण नसेल तर हा शब्द चालत नाही.

'अ‍ॅब्जेक्ट' हा 'पॉव्हर्टी' आणि 'मिझरी' यांच्या आधी लागतो आणि त्यांना तळाला नेतो. मूळ अर्थ खाली फेकलेला. 'अ‍ॅब्जेक्ट फेल्युअर' म्हणजे साफ अपयश, इथे हालांचा संबंध उरत नाही.

पायरी ६: कोणाला लावायचा आणि कोणाला नाही

इथे थोडं थांबू या, कारण व्याकरण बिनचूक असूनही माणसं दुखावतात ती इथेच.

शोक झालेल्या माणसाला पत्र लिहिताना 'युअर रेचिड कंडिशन' असं कधीही लिहू नका. लिहिणाऱ्याच्या मनात कळवळा असतो, पण वाचणाऱ्याला ऐकू येतं, 'तुझी काय दशा झाली आहे!' तिथे 'आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युअर लॉस' एवढंच पुरतं. तो माणूस स्वतः म्हणाला की 'आय फील रेचिड', तरी तुम्ही उत्तरात तोच शब्द त्याच्यावर उलटवू नये.

कारण शब्दाच्या पोटात बघणाऱ्याची उंची दडलेली आहे. मी वर उभा आहे आणि तो खाली पडला आहे, असं चित्र त्यातून आपोआप तयार होतं. स्वतःविषयी वापरला की ही अडचण राहत नाही, उलट ती नम्रता होते. जॉन न्यूटन हे पूर्वी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचे कप्तान होते. पुढे ते धर्मोपदेशक झाले आणि १७७९ साली छापल्या गेलेल्या 'अमेझिंग ग्रेस' या भजनात त्यांनी स्वतःला 'रेच' म्हटलं. पापाची ती कबुली होती. पण भजन म्हणणारा प्रत्येकजण तो शब्द स्वतःला लावून घेतो आणि काहींना ते फार अपमानकारक वाटलं; म्हणून काही भजनसंग्रहांत ती ओळ बदलून छापली गेली. एका शब्दाचं वजन किती असू शकतं ते यातून दिसतं.

दुसरं उदाहरण दुसऱ्याविषयी वापरण्याचं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्यासाठी निधी जमवताना एमा लॅझरस यांनी १८८३ मध्ये एक सुनीत लिहिलं. १९०३ मध्ये ते धातूच्या फलकावर तिथे बसवण्यात आलं. त्यात देवता म्हणते की तुमच्या गजबजलेल्या किनाऱ्यांवरचे 'रेचिड रेफ्यूस' माझ्याकडे पाठवा. हा दुसरा शब्द 'रिफ्यूज', म्हणजे नकार देणे, असा वाचू नका. इथे ते नाम आहे, जोर पहिल्या अक्षरावर, अर्थ टाकाऊ गाळ. ओळीत मनापासून स्वागत आहे, तरी स्थलांतरितांना गाळ म्हटलेलं आजच्या कानाला बोचतं. जुन्या देशांनी त्यांना गाळ ठरवलं, मी त्यांना घेते, असा त्या ओळीचा रोख आहे, आणि तो लक्षात घेऊनच ती वाचावी.

तेव्हा तुम्ही मदतकार्याचा अहवाल, विनंतीपत्र किंवा बातमी इंग्रजीत लिहीत असाल तर एक साधा नियम पाळा: विशेषण परिस्थितीला लावा, माणसाला लावू नका. 'रेचिड पीपल' असं लिहिलं की ती माणसंच तशी आहेत असं वाटतं, त्यात 'दळभद्री लोक' हा अर्थही डोकावतो. 'पीपल लिव्हिंग इन रेचिड कंडिशन्स' लिहिलं की दोष परिस्थितीवर जातो आणि माणसाचा मान राहतो. आणि जमलं तर त्याच्याही पुढे जाऊन परिस्थिती दाखवा: चाळीस माणसांना एक नळ, छत गळतं, औषध नाही. एवढं लिहिल्यावर कित्येकदा 'रेचिड' लागतच नाही.

पायरी ७: मराठीत आणताना

एक वाक्य घेऊन बघू. 'दे लिव्हड इन रेचिड कंडिशन्स.'

'ते दुःखी परिस्थितीत राहत होते.' हे मराठी नव्हे. परिस्थिती दुःखी नसते, माणूस दुःखी असतो.

'ते दयनीय अवस्थेत राहत होते.' हे चालतं, वर्तमानपत्रात रोज दिसतं. पण वाचून वाचून गुळगुळीत झालं आहे आणि डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

'ते हलाखीत दिवस काढत होते.' चांगलं मराठी. मात्र हलाखी म्हटलं की मुख्यतः पैशाची चणचण मनात येते. मूळ मजकुरात छावणीतली घाण आणि रोगराई असेल तर हे अपुरं पडतं.

'त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता.' जोरकस आहे, बोलण्यातला आहे. कथेत एखाद्या पात्राच्या तोंडी शोभेल, अहवालात नाही.

'तिथे त्यांचे अतोनात हाल होत होते.' मी बहुतेक वेळा हे घेईन. इंग्रजीत विशेषण होतं म्हणून मराठीतही विशेषणच शोधायचं हा हट्ट सोडला की 'हाल' हे नाम सगळा भार सहज उचलतं.

माणसाचं वर्णन असेल तर केविलवाणा, दीनवाणा, बापुडवाणा हे शब्द दयेकडे झुकतात; करंटा, दळभद्री हे तिरस्काराकडे. मूळ लेखक कुठे उभा आहे ते ठरवल्याशिवाय यांतला कुठलाच उचलू नका. लेखकाने मुद्दाम दोन्ही छटा ठेवल्या असतील तर 'अभागी' बराचसा तोल सांभाळतो.

पायरी ८: हात चालवून बघा

खाली पाच वाक्यं आहेत. उत्तर वाचण्याआधी प्रत्येकाला वरच्या चारपैकी कोणता अर्थ लागतो ते स्वतः ठरवा आणि मराठी वाक्य कागदावर लिहा.

'धिस रेचिड प्रिंटर हॅज स्टॉप्ड अगेन.' बोलणारा चिडलाय आणि शब्द नामाच्या आधी आहे. 'हा मेला प्रिंटर पुन्हा बंद पडला.'

'शी लुक्ट रेचिड आफ्टर द ऑपरेशन.' इथे दुसरा कोणीतरी तिच्याकडे पाहतोय, पण बोलतोय तिच्या चेहऱ्याविषयी, म्हणून अर्थ पहिल्याच्या, आजारपणाच्या जवळचा. 'शस्त्रक्रियेनंतर ती अगदी गळून गेलेली दिसत होती.' केविलवाणी म्हटलं तर जरा जास्त होईल.

'ही फेल्ट रेचिड अबाउट द क्वॉरल.' 'अबाउट' दिसला ना? 'भांडणाचं त्याच्या मनाला फार लागून राहिलं.'

'इट वॉज अ रेचिड ट्रान्सलेशन.' दर्जाचा प्रश्न. 'भाषांतर अगदी टुकार होतं.'

'द पुअर रेच हॅड नोव्हेअर टु गो.' हे सर्वांत शेवटी ठेवलं, कारण यात शब्दाचा सर्वांत जुना अर्थ जवळपास जसाच्या तसा आला आहे: गोत नाही, वाली नाही, निवारा नाही. 'बिचाऱ्या अभाग्याला जायला कुठे ठिकाणच नव्हतं.' 'बिचाऱ्या माणसाला' असंही चालेल, पण 'अभागी' ठेवलात तर 'पुअर' आणि 'रेच' दोन्ही मराठीत उतरतात.

ही पाच जमली की एखादी इंग्रजी बातमी किंवा कथा घ्या, त्यात हा शब्द शोधा आणि समासात पेन्सिलीने फक्त एवढंच लिहा: कोण, कोणाविषयी.